कानात मारवा, कागद कोरडा

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. मी इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहितो. वय चौतीस. घर सुदामानगरला. आई-बाबा, दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं, सगळे एकत्र राहतो. रात्री दहानंतर कथा लिहायला बसतो तेव्हा भिंतीपलीकडे बाबांची मालिका सुरू असते, म्हणून इअरफोन घालतो आणि जुनी हिंदी गाणी लावतो. लिहायचं मराठीत असल्यामुळे मराठी गाणी टाळतो. सध्याच्या कथेत नायकाचे वडील पहाटे वारतात. तेवढा एकच प्रसंग उरलाय आणि तोच महिनाभर अडलाय. पहाट आहे म्हणून ललत राग लावू, की दुःख आहे म्हणून मारवा? संगीतातलं मला फार कळत नाही. पण अमीर खाँसाहेबांच्या गावात राहतो, म्हणून त्यांचं गाणं ऐकत असतो.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : प्रसंग लिहिताना मारवा लावू नका. हे मी ठामपणे सांगते, कारण तो लावून मी एक अख्खी कथा घालवली होती.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. इथली हुकूमचंद कापड मिल 1991 साली बंद पडली, त्यानंतरच्या दिवसांवरची ती कथा. मिलमधल्या एका जॉबरची, म्हणजे मुकादमाची, बायको, आणि मिल बंद पडल्यावर काही वर्षांनी त्या जॉबरचा मृत्यू. आम्ही तेव्हा इंदूरच्या रामबागेत राहत होतो. दुपारी घर रिकामं असे. मी टेपरेकॉर्डरवर खाँसाहेबांच्या मारव्याची कॅसेट लावायची आणि लिहायची. मृत्यूचं पान लिहिताना मी रडले. कॅसेट उलटून पुन्हा लावली, पुन्हा रडले. एवढं चांगलं आपल्या हातून आजवर उतरलं नाही, अशी माझी खात्री झाली. कथा एका मासिकाकडे पाठवली. ती परत आली, आणि त्या पानाच्या समासात संपादकांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘इथे मला काही ऐकू आलं नाही.’

राग आला. मग एका दुपारी कॅसेट न लावता ते पान मोठ्यानं वाचलं. ‘तिचं काळीज फाटलं. डोळ्यांपुढे अंधार दाटला. सगळं संपलं होतं.’ पानावर एवढंच होतं. कोणत्याही बाईबद्दल कोणीही लिहावीत अशी तीन वाक्यं. बाकी जे मला लिहिताना जाणवत होतं ते सगळं खाँसाहेबांच्या गळ्यात होतं. माझ्या वाक्यांनी करायचं काम त्यांचा आवाज करत होता, म्हणून वाक्यं ढिली पडलेली मला कळलीच नाहीत. वाचणाऱ्याच्या हातात तर फक्त कागद येतो. कॅसेट त्याच्याबरोबर जात नाही.

तुमचा प्रसंग महिनाभर अडलाय तो याच कारणानं का, हे मला इथून सांगता येणार नाही. पण जेवढं लिहून झालंय तेवढं कान मोकळे ठेवून, मोठ्यानं वाचून बघा. घरात लाज वाटत असेल तर गच्चीवर जा.

मारवा ऐकूच नका असं मात्र मी म्हणत नाही. लिहिण्याआधी ऐका. हात बांधून, पेन लांब ठेवून, अर्धा तास. संगीत कळत नाही म्हणता, तर एकच गोष्ट ऐका. मारव्यात पंचम, म्हणजे ‘प’, नसतो. रिषभ कोमल, मध्यम तीव्र. गाणारा रिषभ आणि धैवतावर रेंगाळतो आणि षड्जावर, म्हणजे मूळ ‘सा’वर, जायचं टाळत राहतो. तानपुऱ्यात षड्ज सारखा वाजत असतो, म्हणजे आपल्याला घर समोर दिसत असतं, पण गळा काही आत पाऊल टाकत नाही. खाँसाहेब बहुधा झुमरा या चौदा मात्रांच्या तालात, अतिविलंबित लयीत हे करतात. एक आवर्तन संपायला इतका वेळ लागतो की पुढची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधी येणार याचा अंदाजच सोडून द्यावा लागतो. मग केव्हातरी ते षड्जावर येतात आणि आपल्याला कळतं, आपण इतका वेळ श्वास अर्धवट धरून बसलो होतो.

मृत्यूच्या प्रसंगात वाचकाला काय झालंय ते आधीच माहीत असतं. तो त्याच्या कानातला तानपुरा. पात्रानं मात्र तिथे लगेच जायचं नाही. हे उमगल्यावर मी ते पान फाडलं आणि नव्यानं लिहिलं. नव्या पानात जॉबरची बायको पहाटे उठते, पहिल्या पाळीचा डबा भरते, झाकणाची कडी लावते. मिल बंद होऊन चार वर्षं झालीत. डबा ओट्यावर ठेवते, मग फडक्यात बांधते, मग सोडते, पोळ्या पुन्हा डब्यातून ताटात काढते. ‘गेले’ हा शब्द पानाच्या शेवटच्या ओळीत, आणि तोही शेजारीण उच्चारते. लिहिताना घरात पूर्ण शांतता होती. त्या वेळी मी रडले नाही. पोळ्या किती हे मोजत होते. कथा दुसऱ्या मासिकानं छापली.

खाँसाहेबांकडून घ्यायची ती ही बढत : एकेका स्वराला वेळ देणं, पुढचं दार उघडायची घाई न करणं. ते 1974 साली कोलकात्यात मोटार अपघातात गेले. पण या शहरात लिहिणाऱ्या माणसाला त्यांच्याकडून अजून पुष्कळ शिकता येईल. फक्त त्यांना लिहायच्या टेबलावर बसवू नका.

आता हिंदी गाण्यांबद्दल. लिहायच्या भाषेतली गाणी टाळायची हा तुमचा विचार बरोबर आहे, पण तो पुण्या-साताऱ्याच्या माणसासाठी. आपल्याला हिंदी परकी आहे कुठे? आपण शाळेत हिंदी शिकलो, भाजी हिंदीत घेतो, भांडतोही हिंदीत. एका वर्षी मी जुनी हिंदी गाणी ऐकत लघुकादंबरीचा पहिला खर्डा केला. वाचताना दिसलं की सदाशिव पेठेत वाढलेली माझी नायिका म्हणतेय, ‘मला तुझी याद येते.’ दोन पानांपुढे, ‘थांब, मी येऊन राहिले.’ ही आपली, इंदूरची मराठी आहे, मला ती प्रिय आहे आणि रामबागेतल्या पात्राच्या तोंडी मी ती हौसेनं घालते. पण ती सदाशिव पेठेत गेली ती माझ्या कानातून, माझ्या नकळत.

याला थोडा शास्त्राचाही आधार आहे. पिएर सलामे आणि ॲलन बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी 1989 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आकडे दाखवायचे आणि क्रमानं आठवायला लावायचे, सोबत संगीत. नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा गायलेल्या संगीतानं स्मरणात जास्त गडबड होते, असं त्यांना आढळलं. कानावर पडणारं बोलणं अनोळखी भाषेतलं असलं तरी अडथळा येतो, हेही अशा प्रयोगांतून दिसलंय. आकडे लक्षात ठेवणं म्हणजे कथा लिहिणं नव्हे. पण लांब वाक्य रचताना आपण त्याची सुरुवात मनात धरून ठेवतो आणि शेवटाकडे जातो. ती सुरुवात गाण्याच्या ओळीनं पुसली की वाक्य आखूड होतं किंवा वाकडं होतं. एवढं तर मी माझ्या वह्यांतच पाहिलंय.

तुमची खरी अडचण भिंतीपलीकडची मालिका आहे. त्यात शब्द आहेत, चढउतार आहेत, मधेच ढॅणकन वाजणारं संगीत आहे. आपल्याला विचलित करतो तो मुख्यतः बदलता आवाज. एकसारखा चालणारा आवाज हळूहळू कानाआड होतो. म्हणून माझा उपाय तानपुरा. आमच्याकडे आईचा मिरजेचा तानपुरा होता. ती संध्याकाळी तो जुळवायची, तारेखालचा जवारीचा दोरा बोटानं किंचित सरकवायची, आणि तार एकदम झणझणून खुलायची. मी त्याच खोलीत गृहपाठ करायची. तानपुऱ्यात पुढे काही घडत नाही, त्यामुळे कशाची वाट बघावी लागत नाही. तो गाणाऱ्याला आधार द्यायलाच असतो, आणि त्याच्यावर तुमचं वाक्य तुम्हाला स्पष्ट ऐकू येतं. खोटा सूर लागला तर तोही. हल्ली मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप मिळतं. पट्टी थोडी खालची ठेवा, आवाज बेताचा, आणि खोलीतला पंखा चालू. मालिका पूर्ण बुडणार नाही, पण तिचे शब्द कळेनासे होतील, आणि तेवढं पुरतं.

कधी तानपुऱ्याचाही कंटाळा आला तर रुद्रवीणेचे आलाप लावा. झिया मोहिउद्दीन डागर यांचे मिळतील. मात्र सतारीची-सरोदाची पूर्ण मैफल लावून बसू नका. आलाप-जोड संपून गत सुरू झाली, तबला आला की हात त्याच्या लयीत धावायला लागतो आणि कथेतली म्हातारी माणसंसुद्धा भराभरा चालू लागतात. ख्यालाचंही तेच. द्रुत आणि तराणा आपल्या परिच्छेदासाठी थांबत नाहीत.

राहिला ललत. त्यात दोन्ही मध्यम शेजारी शेजारी येतात, शुद्ध आणि तीव्र. रात्र पुरती संपलेली नाही आणि दिवस पुरता लागलेला नाही, असं काहीसं त्या जागी ऐकू येतं. पण रात्री साडेदहाला इअरफोनमध्ये ललत लावून तुम्हाला पहाट मिळायची नाही. एका रविवारी पाचला उठा, गच्चीवर जा आणि सुदामानगर ऐका. दुधाच्या कोठ्यांचा आवाज, कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याच्या भट्टीची फुरफुर, पातेल्यातल्या उकळत्या पाण्यावर पोह्यांची परात ठेवल्याचा खणखणाट, कुणाच्या तरी देवघरातली घंटा. आणि थोडं उजाडल्यावर गल्लीत शिरणारी महापालिकेची कचरागाडी, तिचं ते स्वच्छतेचं आनंदी गाणं भोंग्यावर वाजवत. तुमच्या नायकाचे वडील नुकतेच गेलेत. घरात कुणी अजून मोठ्यानं रडलेलं नाही. आणि ती गाडी दाराशी येऊन थांबते, गाणं चालूच. ओल्या कचऱ्याची बादली रोज वडीलच खाली नेत असतील. आज ती कोण नेणार?

तुमच्या प्रसंगाचं संगीत मला तरी तिथे ऐकू येतं. ते कानात नको, कथेत हवं. लिहून झाल्यावर पान पाठवा, मी वाचेन.

प्रश्न : ताई, मी महादजी शिंद्यांच्या काळावर कादंबरी लिहितोय. वातावरण तयार व्हावं म्हणून लिहिताना नाट्यगीतं लावतो. चालेल ना?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : नाट्यगीतांत शब्द आहेत आणि तेही मराठी, तेव्हा वर लिहिलेलं सगळं तुम्हालाही लागू. शिवाय काळाचा घोटाळा होईल. महादजी 1794 साली वानवडीला वारले. नाट्यगीतांची परंपरा जिथून सुरू झाली ते किर्लोस्करांचं शाकुंतल पुण्यात रंगभूमीवर आलं 1880 साली. मध्ये शहाऐंशी वर्षं गेलीत. नाट्यगीतं ऐकत लिहिलंत तर तुमच्या दरबारात कुठेतरी पेटी वाजायला लागेल, आणि हाताच्या भात्याची पेटी तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. हद्दू-हस्सू खाँ या ख्यालगायकांचं ग्वाल्हेरही महादजींच्या नंतरचं, तेव्हा घराण्याच्या अभिमानापोटी त्यांना आधी आणू नका.

त्या काळासाठी ध्रुपद आणि बीन, म्हणजे रुद्रवीणा, ऐका. छावणीच्या प्रसंगांसाठी डफ-तुणतुण्यावरचा पोवाडा. अनंत फंदी आणि राम जोशी हे शाहीर त्याच काळात होऊन गेले. सगळं ऐकायचं ते लिहायला बसण्याआधी. आणि लिहून झालेल्या पानांत पेटी कुठे शिरली आहे का, ते आजच तपासा.