खेड्यात जनसंपर्काचं काम करताना सोशल मीडिया प्रामाणिकपणे वापरता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अभ्यासक्रम करून तुम्ही विदर्भातल्या आपल्या गावी परत आलात, कृषी केंद्र, दवाखाना, पतसंस्था अशी कामं मिळू लागली. पण जो तो पहिल्याच भेटीत 'चार-दोन खोटी खाती उघडा, चांगले रिव्ह्यू टाका' म्हणतो. नाही म्हटलं तर पोट कसं भरायचं?

मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या ठिकाणी नऊ वर्षांपासून हेच काम करतो. सुरुवात फ्लेक्स छापण्यापासून झाली. आता छपाई धाकटा भाऊ बघतो आणि मी लोकांची फेसबुक पानं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि रील सांभाळतो. खोट्या खात्यांचं नंतर सांगतो, तो भाग सोपा आहे. मला ठेच लागली ती खऱ्या फोटोने.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. मे महिन्यात एका कृषी केंद्रासाठी कपाशीच्या बियाण्याची पोस्ट केली. शेतकरी खरा, वावर खरं, बोंडं खरी. एकरी चौदा क्विंटलचा आकडाही खरा, काट्याच्या पावत्या मी स्वतः पाहिल्या होत्या. मजकूर त्या शेतकऱ्याच्या तोंडचा होता, 'मी लावलं, तुम्हीही लावून बघा' असा. लिहिला मी, त्यांनी ऐकून मान डोलावली. तीस-चाळीस ग्रुपमध्ये ती पोस्ट फिरली, दुकानदार खूश, मीही खूश.

सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीच्या पूजेच्या, सुमारास पानठेल्यावर शेजारच्या गावचे एक काका भेटले. भांडले नाहीत. खर्रा घोटता घोटता एवढंच म्हणाले, "भाऊ, त्या वावरात इहीर हाये म्हंतेत ना?"

होती. विहीर होती, ठिबक होतं, जमीन नदीकाठची काळी होती. काकांचं वावर बरड, सगळी मदार पावसावर. आमच्याकडे कोरडवाहूत एकरी सहा-सात क्विंटल कापूस निघाला तरी माणूस बरं झालं म्हणतो. मी 'ओलित', म्हणजे बागायती, हा शब्दच लिहिला नव्हता. दुकानदाराने लिहू नको असं सांगितलं नव्हतं. मला तो सुचला नाही, आणि सुचला असता तरी पोस्ट फिकी पडेल म्हणून मीच गाळला असता, हे आज कबूल करतो. पोस्टमधला एकही शब्द खोटा नव्हता, तरी काकांनी त्यावर भरवसा ठेवून चार पाकिटं नेली होती.

तेव्हापासून पोस्ट टाकण्याआधी मी एकच गोष्ट शोधतो: वाचणाऱ्याला काय कळलं तर तो पैशासाठी खिशात घातलेला हात रिकामाच बाहेर काढेल? जे सापडेल ते पोस्टमध्ये लिहितो. बियाण्याला ओलित की कोरडवाहू, जमीन कशी, पाऊस कसा होता. पतसंस्थेच्या ठेवीला मुदतीआधी पैसे काढले तर व्याज किती कापतात. दुकानदार कुरकुरतात. एकाने काम काढून घेतलं आणि आधी माझ्याकडेच काम करणाऱ्या एका पोराला दिलं, जो आता 'एकरी वीस क्विंटल' लिहितो.

दुसरी गोष्ट म्हणजे बोलतंय कोण आणि पैसे कोणाचे. त्या पोस्टमध्ये शेतकरी बोलत होता, पण शब्द माझे होते आणि पैसे दुकानाचे. वाचणाऱ्याला वाटलं आपल्यासारखाच एक माणूस सांगतोय. इथे कायदाही आहे, आणि तो फक्त मुंबईच्या नट्यांसाठी नाही. अ‍ॅस्की या जाहिरात क्षेत्राच्याच संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांना जाहिरातीवर तसं लिहायला सांगितलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ ची. दंड पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यावर वर्षभराची बंदीही येऊ शकते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने खुलासा कसा करायचा तेही सांगितलं: जाहिरात ज्या भाषेत, खुलासा त्याच भाषेत. व्हिडिओ असेल तर खुलासा व्हिडिओतच हवा, खाली वर्णनात लपवायचा नाही, आणि तो दिसलाही पाहिजे, ऐकूही आला पाहिजे.

ऐकू येण्याचा मुद्दा आपल्याकडे फार कामाचा आहे. हॅशटॅग लावून इंग्रजीत 'अ‍ॅड' लिहिलं तर आमच्या गावात ते कोणी वाचत नाही. बाया निंदणीला जाताना ऑटोत रील ऐकतात, बघत नाहीत. म्हणून मी पहिल्या वाक्यातच बोलून घेतो, "ही अमुक दुकानाची जाहिरात आहे, बोलायचे पैसे मिळाले आहेत." मला वाटलं होतं लोक रील न ऐकताच पुढे सरकवतील. काही सरकवतात.

व्हॉट्सअ‍ॅपचं आणखी वेगळं. फोटोखालचा मजकूर फॉरवर्ड करताना काढून टाकता येतो, त्यामुळे 'जाहिरात' हा शब्द आणि दुकानाचं नाव फोटोवरच छापा. तुम्ही आपल्या ग्रुपमधून पोस्ट सगळ्यांसाठी डिलीट केली तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच फिरत राहतात. चूक झाली तर गुपचूप पुसू नका. त्याच फोटोवर आडवी पट्टी मारून काय चुकलं ते लिहा आणि ज्या ज्या ग्रुपमध्ये टाकलं होतं तिथे परत टाका. मी बियाण्याच्या पोस्टचं हे केलं, सहा महिने उशिरा. काकांच्या पाकिटांना त्याचा उपयोग शून्य. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठेचून मारलं, त्यामागे असेच फिरणारे मेसेज होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा आणली. आपला मेसेज कुठे जाऊन काय होईल हे आपल्या हातात नसतं, म्हणून 'तातडीचं, सर्वांना पाठवा' हे शब्द मी कुठल्याच ग्राहकासाठी लिहीत नाही, रक्तदान शिबिरासाठीसुद्धा.

दवाखान्याचं काम घेतलंत तर पेशंटचे फोटो मागतील. बाळंतीण, नातवाला कुशीत घेतलेली आजी, शेजारी डॉक्टर. फोटो सुंदर येतो आणि विचारलं तर सगळे हो म्हणतात. पण ज्याने रात्री दोनला बाळ-बाळंतीण वाचवली त्या डॉक्टरला नाही कोण म्हणेल? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मोकळी, बिनशर्त आणि माहिती देऊन घेतलेली हवी असं म्हटलं आहे, आणि दिली तितक्याच सहज ती मागेही घेता आली पाहिजे. बिल भरायच्या खिडकीशी घेतलेला 'हो' मोकळा कसा असेल? मी सुट्टी झाल्यावर आठवडाभराने घरी फोन करतो, डॉक्टर नाही, मी. फोटो कुठे कुठे दिसेल ते सांगतो. निम्म्या घरांतून तेव्हा नाही येतं. तोवर पोस्ट शिळी झालेली असते, डॉक्टर साहेब चिडतात, चिडू द्या. लहान मुलांचे चेहरे मी टाकतच नाही. आणि 'मधुमेह मुळापासून बरा' छाप मजकूर कोणी मागितला तर १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा समोर ठेवा. मधुमेह त्याच्या यादीत आहे.

फवारणीच्या औषधांची कामं मी घेणं सोडलं. २०१७ च्या खरिपात आमच्याच जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर फवारताना विषबाधा होऊन गेले. त्यानंतर कोणी 'एकदम सुरक्षित' लिहून मागितलं की हात चालत नाही. तसंही १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार डब्याच्या लेबलवर 'सुरक्षित', 'बिनविषारी' असे शब्द चालत नाहीत. मग जे लेबलवर चालत नाही ते रीलमध्ये मी का म्हणू? तुम्ही हे काम घेतलंत तर निदान हातमोजे आणि मास्क घातलेलाच माणूस दाखवा. चांगला दिसतो म्हणून उघड्या अंगाचा फवारणारा दाखवू नका.

आता खोटी खाती. उघडू नका, एवढंच. २०१७ मध्ये बेल पॉटिंजर नावाची लंडनची बडी जनसंपर्क कंपनी दक्षिण आफ्रिकेतल्या वांशिक तेढ वाढवणाऱ्या प्रचारामुळे अडकली. ब्रिटनमधल्या जनसंपर्क व्यावसायिकांच्या संघटनेने तिला काढून टाकलं आणि त्याच सप्टेंबरात ती बुडाली. आपल्याकडे बातमी होत नाही, फक्त फोन उचलणं बंद होतं. गावात 'प्रगतिशील युवक मंच' नावाचं पान निघालं की तिसऱ्या दिवशी पोट्टे सांगतात कोणाच्या मोबाइलवरून चालतं. निवडणुकीत एका उमेदवाराने मला असंच पान चालवायला सांगितलं होतं. मी म्हटलं, तुमच्या नावाने चालवतो, विरोधकाला काय विचारायचं ते नावानिशी विचारू. त्यांनी दुसरा माणूस बघितला.

रिव्ह्यूचंही तेच. स्टाफला बसवून पाच-पाच चांदण्या देऊ नका. खऱ्या गिऱ्हाइकाला लिंक पाठवा आणि वाईट रिव्ह्यू आला तर नावानिशी उत्तर द्या.

पैशाचं खरं सांगतो. कमी मिळतात. माझे पक्के ग्राहक पाच आहेत, त्यातलं एक शेतकरी उत्पादक कंपनीचं काम, आणि फ्लेक्सची मशीन अजून विकलेली नाही. लग्नसराईत तीच घर चालवते. तुम्हीही पहिली दोन वर्षं असा एखादा जोडधंदा धरून ठेवा, म्हणजे 'नाही' म्हणायला बळ राहतं. आणि पहिल्याच भेटीत काय करणार नाही ते कागदावर लिहून द्या. नंतर सांगितलं की भांडण वाटतं.

पानठेल्यावरचे काका आता मला आलेले फॉरवर्ड पाठवतात आणि विचारतात, "हे तुमचं का भाऊ?" बहुतेक नसतात. परवा एकाला हो म्हणावं लागलं, तुरीच्या बियाण्याची पोस्ट होती. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, कोपऱ्यातलं 'ओलिताचं क्षेत्र, जाहिरात' सावकाश वाचून दाखवलं आणि म्हणाले, "अक्षर लहान हाये."