आधी पाणी, मग तेल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

ह्या वेळेस आलेले बरेचसे प्रश्न दृढीकरणाचे (बाप्तिस्म्याच्या पाण्यानंतर कपाळाला पवित्र तेल लावून विश्वास पक्का करण्याचा विधी) आणि मोठेपणी कॅथलिक होण्याचे आहेत, म्हणून बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवले. उत्तरांआधी एक गोष्ट सांगते, ती कळली की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. चर्चच्या दारात येणारा मोठा माणूस तीनपैकी एका जागी उभा असतो. एक तर त्याचा बाप्तिस्मा झालेलाच नसतो, किंवा झालेला असतो पण दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये, किंवा लहानपणी कॅथलिक बाप्तिस्मा झालेला असतो आणि दृढीकरण राहून गेलेलं असतं. तिघांचा रस्ता वेगळा आहे. आपल्या खान्देशात माणसं थोडी आणि शिकवणारे त्याहून थोडे, म्हणून तिघांनाही एकाच बाकावर बसवून एकच पुस्तिका हातात देतात. अडचण मला समजते, पण पद्धत पटत नाही. तेव्हा फादरना भेटायला जाताना पहिलं वाक्य हेच बोला, की माझा बाप्तिस्मा झालाय किंवा नाही, आणि झाला असेल तर कुठे.

प्रश्न : ताई, मी जळगावला बँकेत आहे. आमच्या घरी पूजाअर्चा, एकादशी सगळं आहे. मुलगा भुसावळचा, रेल्वेत आहे, कॅथलिक. लग्न डिसेंबरात धरलंय. होणाऱ्या सासूबाई म्हणतात, लग्नाआधी बाप्तिस्मा आणि दृढीकरण उरकून घे म्हणजे चर्चमध्ये लग्न लागेल. मला चर्चमध्ये जाऊन बसायला खरंच आवडतं, पण ते "उरकून घे" ऐकलं की कसंतरी होतं. दोन महिन्यांत होतं का हे? आमची आजी तर म्हणे, "काय गरज शे त्यानी?"

आजीचा प्रश्न बरोबर आहे हो. लग्नासाठी गरज नाही. तुम्ही हिंदू राहूनही तुमचं लग्न चर्चमध्ये लागू शकतं, त्यासाठी बिशपांकडून सूट घ्यावी लागते, तिला डिस्पेन्सेशन म्हणतात, आणि तो अर्ज फादरच पाठवतात. त्यात मुलाला वचन द्यावं लागतं की मी माझा विश्वास सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा होईल तेवढा प्रयत्न करीन. तुमच्याकडून सही नाही घेत, पण त्याने काय वचन दिलंय हे तुम्हाला स्पष्ट सांगितलं पाहिजे असा नियम आहे, आणि ते तुम्ही नीट विचारूनच घ्या कारण पुढे बारशाच्या वेळी ह्याच मुद्द्यावर दोन्ही घरं समोरासमोर येतात. आणखी एक सांगते, उद्या चार वर्षांनी तुम्हाला मनापासून वाटलं आणि बाप्तिस्मा घेतला, तर लग्न परत लावावं लागत नाही. म्हणजे सासूबाईंचं काहीच अडत नाही. (डिसेंबरात आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे, असतो, बऱ्याच चर्चमध्ये तेव्हा लग्नं टाळतात, त्यामुळे हॉलचा अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी फादरना तारीख विचारा.)

आता दोन महिन्यांचं. मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा हा एका दिवसाचा कार्यक्रम नाहीये, मरणाच्या दारातला माणूस सोडला तर. पहिल्या काही शतकांत लोक दोन-दोन तीन-तीन वर्षं तयारी करायचे, मग ती पद्धत मागे पडली, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ साली ती परत सुरू करा असं सांगितलं, त्याप्रमाणे १९७२ ला नवा विधी आला. तो टप्प्याटप्प्याने जातो. आधी नुसतं येऊन बसायचं, प्रश्न विचारायचे, शंका काढायच्या, कोणी कशावर सही मागत नाही. मग चर्चच्या दाराशी तुमचं स्वागत होतं, कपाळावर क्रूसाची खूण करतात, आणि तिथून तुम्ही दीक्षार्थी. हा काळ किती हे पुस्तकात बांधून दिलेलं नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर चर्चचं एक पूर्ण वर्ष तरी जावं, नाताळ, प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस), ईस्टर सगळं एकदा बाहेरून बघून झालेलं असावं, त्याशिवाय माणसाला आपण कुठे चाललोय ते कळत नाही.

मग प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, साधारणपणे बिशपांसमोर, नावं नोंदवली जातात. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी दीक्षार्थींसाठी वेगळी प्रार्थना असते आणि त्या तिन्ही रविवारची शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधले येशूच्या चरित्राचे भाग, योहानाची : विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध माणूस, आणि लाजरस. माझ्या वर्गात दर वेळी बायका त्या विहिरीवरच्या बाईपाशी अडकतात आणि मी अडकू देते. भर दुपारी एकटी पाण्याला आलेली बाई म्हणजे काय हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही, ती सकाळी बाकीच्यांबरोबर का नाही आली ह्यावरच तासभर बोलणं होतं आणि त्यातूनच कोणाच्या मनात काय आहे ते बाहेर येतं. शेवटी ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि पहिला ख्रिस्तप्रसाद (पवित्र केलेली भाकर), तिन्ही एकाच मिस्सात, म्हणजे उपासनेत. म्हणजे मोठ्यांसाठी दृढीकरणाचा वेगळा मुहूर्त काढत नाहीत आणि त्यासाठी बिशपच हवेत असंही नाही, जो फादर मोठ्या माणसाला बाप्तिस्मा देतो तोच दृढीकरणही देतो. त्यानंतरही पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टरपासून पन्नासाव्या दिवसापर्यंत, भेटी चालू राहतात, जरी आपल्याकडे ईस्टरची बिर्याणी झाली की वर्गही संपतो हे खरंय.

तेव्हा तुम्ही डिसेंबरात सूट घेऊन लग्न करा आणि चर्चमध्ये जाऊन बसणं चालू ठेवा. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, मुलाला सांगू द्या, आणि त्याला जमत नसेल तर फादरना सांगू द्या. आईला समजावणं त्याचं काम आहे.

प्रश्न : मी नवापूर तालुक्यात शिक्षक आहे. आमच्या भागात मिशनची जुनी चर्चेस आहेत, माझा बाप्तिस्मा कॉलेजात असताना त्यातल्याच एकात झाला, नदीत पूर्ण बुडवून. आता तीन-चार वर्षांपासून मिस्साला जातोय आणि कॅथलिक व्हायचं ठरवलंय. परत बाप्तिस्मा घ्यावा लागेल का? आमचे जुने पाळकसाहेब दुखावलेत, म्हणतात आम्ही दिलेला काय खोटा होता का.

नाही सर, परत नाही. आणि पाळकसाहेबांना हे मुद्दाम जाऊन सांगा, बरं वाटेल त्यांना. बाप्तिस्मा एकदाच होतो. पाणी वापरलं असेल आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने दिला असेल तर कॅथलिक चर्च तो मानतं, बुडवून दिला काय आणि डोक्यावर पाणी ओतून दिला काय. फक्त येशूच्या नावाने देणारे काही गट आहेत, त्यांचा मात्र मानत नाहीत. चौकशी करूनही शंका उरलीच तर सशर्त बाप्तिस्मा असतो, म्हणजे "तुझा झालेला नसेल तर" असं म्हणून, आणि तोही गाजावाजा न करता.

कागद हवा. मंडळीच्या वहीत नोंद असेल तर दाखला आणा. वही सापडत नसेल तरी घाबरू नका, हजर असलेला एक भरवशाचा साक्षीदार चालतो, आणि माणूस कळत्या वयात असताना बाप्तिस्मा झाला असेल तर त्याने स्वतः शपथेवर सांगितलेलंही चालतं. तुम्ही कॉलेजात होतात, म्हणजे तुम्हाला लागू.

पुढचा रस्ता तुमचा छोटा आहे. आधी पापनिवेदन (फादरना एकांतात पापं सांगून क्षमा मागणं), मग सगळ्यांसमोर श्रद्धांगीकार (चर्चचा विश्वास स्वतःच्या तोंडाने म्हणणं) आणि कॅथलिक चर्च जे मानतं ते मी मानतो असं एक वाक्य, मग दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद, आणि इथेही तुम्हाला स्वीकारणारे फादरच दृढीकरण देऊ शकतात. ईस्टरची रात्रच पाहिजे असं नाही, एखादा साधा रविवार चालतो. कोणी तुम्हाला दीक्षार्थींच्या रांगेत उभं करत असेल तर नम्रपणे नाही म्हणा, तुम्ही आधीच ख्रिस्ती आहात. बायबल तुम्हाला बहुधा आमच्यापेक्षा जास्त पाठ असेल, तुमच्यासाठी नवं म्हणजे मारिया, संत, पोप, पापनिवेदन हे सगळं, तर वेळ त्यावर घालवा आणि पटत नाही ते तोंडावर विचारा.

प्रश्न : वय ४१, वरणगाव फॅक्टरीत कामाला. भुसावळला बाप्तिस्मा, पहिला ख्रिस्तप्रसादही झाला, मग वडिलांची रेल्वेत बदली इटारसीला, तिथून नागपूर, त्यात दृढीकरण राहिलं. आता बहिणीच्या मुलीचा धर्मपिता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या विश्वासाची जबाबदारी घेणारा) व्हायला निघालो तर फादर नाही म्हणाले. नववीच्या पोरांबरोबर वर्गात बसायची लाज वाटते.

भाऊ, फादर बरोबर आहेत. धर्मपिता व्हायला १६ वर्षं पूर्ण, कॅथलिक, दृढीकरण झालेला, ख्रिस्तप्रसाद घेतलेला, आणि स्वतः नीट विश्वासाने वागणारा माणूस लागतो. आई-वडील स्वतः होऊ शकत नाहीत, मामा चालतो. लग्न चर्चमध्ये झालंय ना? नसेल तर आधी ते बघावं लागेल.

रेल्वेच्या बदल्यांत दृढीकरण राहिलेले आपल्याकडे खूप आहेत, तुम्ही एकटे नाही. पहिलं काम भुसावळच्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा नवीन दाखला काढा, घरी लॅमिनेट करून ठेवलेला जुना नको. कारण त्या मोठ्या वहीत तुमच्या नावापुढे समासात जागा असते आणि पुढे दृढीकरण कुठे झालं, लग्न कुठे झालं ते सगळं तिथेच चढवतात, म्हणून ताज्या दाखल्यावरून माणसाची पूर्ण स्थिती कळते. जुन्या कागदावर पुणे धर्मप्रांत (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपांच्या हाताखालचा भाग) लिहिलेलं असलं तर गोंधळू नका, नाशिक धर्मप्रांत १९८७ ला पुण्यातून वेगळा झाला, त्याआधी आपला खान्देश तिकडेच होता. दृढीकरण झालं की ते देणाऱ्या चर्चने भुसावळला कळवायचं असतं. कळवलं का हे महिन्याभराने स्वतः विचारा, फादरांची बदली झाली की असले कागद टेबलाच्या खणात राहतात.

पोरांबरोबर बसायची काही गरज नाही. फादरना सांगा की शिफ्ट ड्युटी आहे, आमच्यासारखे चार-पाच मोठे गोळा करतो, संध्याकाळी वेगळं घ्या. गोळा मात्र तुम्हीच करा, तुमच्या कॉलनीतच सापडतील. तुमचं दृढीकरण साधारणपणे बिशप भेटीला येतात तेव्हा पोरांबरोबरच होईल, त्याला इलाज नाही. बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता किंवा धर्मपिता हयात असतील तर त्यांनाच मागे उभं करा, चर्चलाही तेच जास्त पसंत आहे.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, चाळीसगाव. वर्गाला जातो पण म्हणतो मला दृढीकरण नकोच. नातेवाइकांना तारीख सांगून झालीय.

नातेवाइकांना परत फोन करा. बाप्तिस्म्यात तुम्ही त्याच्या वतीने "होय" म्हणालात, इथे ती वचनं त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायची असतात, म्हणून ढकलून उभं करण्यात अर्थ नाही. पण "नको" मागे काय आहे ते बघा. पाठांतराची भीती असेल, वर्गात कोणी चिडवत असेल, किंवा खरंच विश्वासाचे प्रश्न पडले असतील, आणि तिसरं असेल तर मला आनंदच आहे, अशा पोराशी फादरनी एकट्याने बोलावं, आई-बाप खोलीबाहेर. पुढच्या वेळी बिशप येतीलच.

प्रश्न : आम्ही पावरा समाजाचे, शहाद्याकडचे. बाप्तिस्मा घेतला तर जमातीचा दाखला जाईल असं गावात सांगतात.

अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे, त्यात हिंदू, नंतर शीख आणि १९९० पासून बौद्ध, एवढेच बसतात. अनुसूचित जमातींच्या आदेशात तशी धर्माची अट नाही. दोन्ही एकत्र करून गावात बोललं जातं म्हणून ही भीती. तरी धर्म बदलण्याबाबत राज्याचे जे नियम त्या वेळी लागू असतील ते पाळायचेच, त्यासाठी ओळखीच्या वकिलाला आधीच भेटा. आणि कोणी पैसे, नोकरी, शाळेचं ॲडमिशन असलं काही दाखवून बाप्तिस्मा घे म्हणत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. असं काही करायला कॅथलिक चर्चचीच सक्त मनाई आहे.

थोडक्यात बाकीचे

बिशप थोबाडीत मारतात का? पूर्वी गालावर हलकी चापट असायची, १९७१ च्या नव्या विधीत ती काढली. आजोबा सांगतात ते त्यांच्या वेळचं.

तेल कसलं असतं? ऑलिव्हचं तेल आणि त्यात सुगंधी बाल्सम. बिशप ते पवित्र आठवड्याच्या सुमारास वर्षातून एकदा पवित्र करतात आणि तिथून गावोगाव बाटल्या जातात. कपाळावर अंगठ्याने क्रूस काढतात, म्हणून बायकांनी टिकली काढून ठेवा, पावडर थापू नका, आणि पुरुषांनी केस कपाळावर आणू नका. लगेच रुमालाने पुसायचं नाही.

पवित्र आत्म्याची सात दानं पाठ पाहिजेत का? बिशप विचारतील म्हणून पाठ करा, पण बायबलमधला यशया ११ वाचून करा, तिथे ती आहेत.

उपास? ख्रिस्तप्रसादाआधी एक तास काही खायचं नाही. पाणी आणि औषध चालतं, आणि बिशप एप्रिल-मेमध्ये येणार असतील तर आपल्याकडच्या उन्हात पाणी पिऊनच या, मागच्या बाकांवर कोणी ना कोणी चक्कर येऊन पडतंच.