एएचएलमधले तरुण बचावपटू: तुलना कुठून सुरू करावी

एएचएल म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगच्या खालची लीग. तिथल्या बचावपटूंचे नुसते गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) शेजारी-शेजारी मांडून तुलना करू नका, बहुतेक नवे लोक तिथेच फसतात. आधी वय बघा. मोरिट्झ सायडरने २०१९-२० मध्ये, अवघ्या १८ व्या वर्षी, एएचएलमधल्या ग्रँड रॅपिड्स संघाकडून ४९ सामन्यांत २२ गुण केले. आकडा साधाच वाटतो, पण समोर कसलेले, भरल्या अंगाचे गडी होते. २०२२ मध्ये एनएचएलची काल्डर ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम नवोदिताचा मान, त्यालाच मिळाली. हेच २२ गुण चोविशीतल्या खेळाडूचे असते, तर मी इतकं कौतुक केलं नसतं.

मग एवढंच तपासा:

- पॉवर प्लेवरचे गुण (समोरचा खेळाडू शिक्षा होऊन बाहेर बसल्याने आपले गडी जास्त असतात तेव्हाचे) वेगळे काढा. ती संधी प्रत्येकाला मिळत नाही.
- एका गोलची आघाडी असताना शेवटच्या मिनिटांत प्रशिक्षक कोणाला बर्फावर पाठवतो?

प्लस-मायनस (ढोबळमानाने, खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांमधला फरक) सध्या विसरा, त्यात गोलरक्षकाचं पाप-पुण्यही मिसळलेलं असतं. प्रगत आकडेवारी नंतर.

आणि घाईने कोणाला मोडीत काढू नका. बचावपटू उशिरा पिकतात. डेव्हन टेव्स एनएचएलमध्ये उतरला तेव्हा २४ वर्षांचा होता.

पुढचा सामना बघाल तेव्हा पकचा, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीचा, पाठलाग सोडा, एकाच पोरावर नजर ठेवा. अंगावर प्रतिस्पर्धी आल्यावर तो पास देतो की घाबरून पक मैदानाभोवतीच्या काचेवर भिरकावतो, एवढं टिपलंत तरी पुष्कळ.