जहाजावरची एक रात्र आणि ७१ हजारांचं बिल

प्रश्न : मी सांगलीची, निवृत्त शिक्षिका. जूनमध्ये आम्ही दोघं टूर कंपनीबरोबर स्कँडिनेव्हियाला जाऊन आलो. माझा नंबर मुलाच्या पोस्टपेड फॅमिली प्लॅनमध्ये आहे, बिल त्याच्या नावावर येतं, तो पुण्याला असतो. निघायच्या आधी कस्टमर केअरला फोन करून दहा दिवसांचा युरोपचा रोमिंग पॅक घेतला होता. हेलसिंकीहून स्टॉकहोमला रात्रीच्या जहाजाने गेलो, फोन उशाशी होता, मी झोपले होते. घरी आल्यावर त्या एका रात्रीचे ७१,२९१ रुपये बिलात आले. कंपनी म्हणते जहाजावरचं नेटवर्क पॅकमध्ये येत नाही आणि दराचा मेसेज पाठवला होता. मेसेज आला होता, मी वाचला नाही, नंतर डिलीट केला. बिल भरलं नाही म्हणून घरातल्या चारही नंबरांचं आउटगोइंग बंद केलंय, वसुलीवाले वॉरंट निघेल म्हणून धमकावतात, आता लोक अदालतीची नोटीस पण आलीये. आमचे एक नातेवाईक म्हणतात मेसेज आलाच नाही असं ठोकून द्या. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. मेसेज आलाच नाही असं अजिबात सांगू नका, लिहून तर मुळीच देऊ नका. कंपनीकडे त्या मेसेजचा डिलिव्हरी रिपोर्ट असतो, किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी तुमच्या हँडसेटवर पोचला तेवढं सगळं, आणि तुम्ही शपथपत्रावर नाही म्हणालात आणि त्यांनी तो कागद पुढे केला की मग तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवर पण कोणी विश्वास ठेवत नाही. नातेवाईकांना नमस्कार सांगा. आणि खरं सांगायचं तर त्या खोट्याची तुम्हाला गरजच नाहीये, कारण तुमची केस मेसेजवर उभी नाही. दर काय होता हे तुम्हाला कळवलं होतं, ठीक, मान्य करून टाका. भांडण दराचं नाही, लिमिटचं आहे.

आधी झालं काय ते समजून घ्या म्हणजे पुढचं नीट कळेल. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की जमिनीवरच्या टॉवरची रेंज संपते आणि जहाजावरच बसवलेला एक छोटा टॉवर चालू होतो, तो उपग्रहामार्फत जोडलेला असतो आणि म्हणून भयंकर महाग असतो. फोनला काय, जी रेंज मिळेल ती पकडतो, त्याला देशबिश कळत नाही. तुमचा पॅक फिनलंड-स्वीडनच्या नेटवर्कसाठी होता, हे तिसरंच नेटवर्क, बिलात त्याच्यापुढे ‘मेरीटाइम’, म्हणजे सागरी, असं लिहिलंय बघा. दहा केबीला पाच रुपये दर लावलाय, म्हणजे एका एमबीचे ५१२ रुपये. तुमचे गेले ११८ एमबी, त्याचे ६०,४१६ आणि वर १८ टक्के जीएसटी. हिशोबात चूक नाहीये, मी मांडून बघितला. आणि ‘मी झोपले होते’ हे ऐकायला पटतं पण कायद्यात तो बचाव होत नाही, फोन तुमचा, डेटा रोमिंग चालू, दिवसभराचे फोटो रात्री आपोआप अपलोड होत बसले, तो वापर तुमचाच धरतात. (तुमच्या यजमानांचं बिल शून्य आलं कारण त्यांच्या फोनची बॅटरी संपली होती, हे वाचून हसू आलं, चार्जर विसरल्याबद्दल त्यांना फार बोलू नका.)

आता मुद्द्याचं. तुम्ही पाठवलेल्या बिलाच्या पहिल्या पानावर उजवीकडे बारीक अक्षरात क्रेडिट लिमिट, म्हणजे उधारीवर जास्तीत जास्त किती वापर करू देणार ती मर्यादा, ६,००० रुपये छापलंय. पोस्टपेड ग्राहकाचं क्रेडिट लिमिट काय ते त्याला आधी कळवायचं आणि वापर त्या लिमिटच्या ८० टक्क्यांपर्यंत गेला की त्याला सांगायचं असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, निर्देश आहे, २७ जून २००५ चा, म्हणजे आजकालचा नाही, २० वर्षांपेक्षा जुना. तुमच्याबाबतीत ८० टक्के म्हणजे ४,८०० रुपये. आता आयटमाइज्ड बिल, म्हणजे एकेका वापराची वेगळी नोंद असलेलं बिल, काढून बसा आणि पट्टी घेऊन ओळी बघा. पहिली नोंद रात्री ९.४८ ते १०.३१, १४ एमबी. सहा हजार रुपये पार व्हायला १२ एमबी पण लागत नाहीत, म्हणजे पहिल्याच नोंदीत, साडेदहाच्या आत, तुमचं लिमिट ओलांडलं गेलं. शेवटची नोंद पहाटे ३.५२ ला संपते. (पुढे काही नाही कारण पहाटेच्या सुमाराला ही जहाजं वाटेत फिनलंडच्याच मारिएहामन बंदरावर थांबतात, तिथे जमिनीवरची रेंज परत मिळते आणि तुमचा पॅक परत लागू होतो.) साडेदहा ते चार, साडेपाच तास मीटर पळतंय आणि कंपनीने ना मेसेज केला, ना डेटा थांबवला. लिमिट ठरवायचं कशाला मग, बिलावर शोभेला?

कंपनीचं याच्यावर ठरलेलं उत्तर असतं आणि ते पूर्ण खोटं नसतं, म्हणून आधीच सांगून ठेवते. ते म्हणतील परदेशातल्या नेटवर्ककडून आमच्याकडे वापराची माहितीच उशिरा येते, आम्हाला त्या रात्री कळणार कसं. पण रोमिंगमधली फसवणूक पकडण्यासाठी मोबाइल कंपन्यांची आपापसात एक पद्धत आहे, तीत वापराची नोंद साधारण चार तासांत मूळ कंपनीकडे यायला पाहिजे. समजा त्यांचं सगळं म्हणणं मान्य केलं आणि चार तास त्यांना देऊन टाकले, तरी १०.३१ ची नोंद रात्री अडीचपर्यंत त्यांच्या हातात असायला हवी होती, आणि तुमच्या बिलातल्या शेवटच्या दोन नोंदी अडीचच्या नंतरच्या आहेत, ४१ एमबीच्या, टॅक्स धरून जवळपास २५ हजारांच्या. म्हणजे त्यांची बाजू जास्तीत जास्त भक्कम धरली तरी ७१ मधले २५ लटपटतात, आणि तुमची बाजू भक्कम धरली तर लिमिटच्या पुढचं सगळंच. निकाल किंवा तडजोड या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी येईल असं मला वाटतं, शून्य होईल अशी आशा मात्र ठेवू नका, लिमिटपर्यंतचे पैसे द्यायची तयारी ठेवा.

गंमत म्हणजे युरोपातलंच सिम घेतलेला माणूस त्याच जहाजावर शेजारच्या केबिनमध्ये झोपला असता तर त्याचा डेटा ५० युरोला आपोआप तुटला असता, युरोपीय संघाच्या २०२२ च्या रोमिंग नियमात जहाज आणि विमान दोन्ही धरलंय. तो नियम तुमच्या भारतीय सिमला लागू नाही पण तक्रारीत एक ओळ जरूर टाका, कारण त्याने एवढं तरी दिसतं की डेटा वेळेत तोडणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही.

दुसरा मुद्दा तुम्ही सहज लिहून गेलात पण मला तो महत्त्वाचा वाटतो. पॅक घेताना तुम्ही विचारलं होतं की आम्ही जहाजाने पण जाणार आहोत, चालेल ना, आणि पलीकडची मुलगी म्हणाली हो मॅडम, पूर्ण युरोप कव्हर आहे. हे कॉल रेकॉर्ड होतात. आज ईमेल करून तारीख, वेळ आणि तुमचा नंबर देऊन ते रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि आम्हाला द्या अशी मागणी करा. देणार नाहीत बहुतेक, पण मागितल्यावर दिलं नाही ही गोष्ट पुढे ग्राहक आयोगासमोर तुमच्या बाजूने बोलते. टूर मॅनेजर ‘डेटा चालू ठेवा, ग्रुपवर मेसेज टाकतो’ म्हणाला म्हणून टूर कंपनीला पण ओढावं का असं विचारलंय, नको, त्याने केस पातळ होते.

वॉरंटचं आधी डोक्यातून काढून टाका. मोबाइलचं बिल न भरणं हा दिवाणी मामला आहे, फार तर कंपनी वसुलीचा दावा लावू शकते, त्यासाठी त्यांना तीन वर्षांची मुदत असते, पोलिस दारात येत नाहीत. पुढच्या वेळी फोन आला की नाव, एजन्सी आणि कंपनीने दिलेलं अधिकारपत्र विचारा, बिल वादात आहे आणि तक्रारीचा डॉकेट नंबर अमुक आहे एवढंच सांगा आणि ठेवून द्या. रेकॉर्डिंग ठेवा. क्रेडिट ब्युरोची (लोकांच्या कर्ज-थकबाकीच्या नोंदी ठेवणारी संस्था) भीती मात्र अगदीच खोटी नाही, थकबाकीची नोंद तिकडे जाऊ शकते, आणि बिल मुलाच्या नावावर असल्यामुळे ती त्याच्या नावावर जाईल, त्याला घरासाठी कर्ज बिर्ज काढायचं असेल तर हे लक्षात ठेवा.

लोक अदालतीच्या नोटिशीने सगळेच घाबरतात कारण वर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं नाव आणि खाली शिक्का असतो. तो कोर्टाचा समन्स नाहीये. दावा दाखल व्हायच्या आधीच तडजोड होते का बघू, असं कंपनी म्हणते आणि हजारो ग्राहकांना एका झटक्यात अशा नोटिसा जातात. जायचं की नाही तुमच्या हातात, पण माझं मत विचाराल तर जा, मुलाला घेऊन जा, कारण तिथे कंपनीचा जो माणूस येतो त्याला बऱ्याचदा रक्कम कमी करायचे अधिकार देऊन पाठवलेलं असतं. एकच काळजी घ्या, तुमची संमती असल्याशिवाय तिथे तुमच्याविरुद्ध काही निवाडा होत नाही, पण एकदा सही केलीत की तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. त्यामुळे ‘निम्मं करून देतो, लगेच सही करा’ म्हणाले तर घाई नको. माझ्या हिशोबाने १५-२० हजारांच्या आत मिटत असेल आणि चारही नंबर चालू करून थकबाकी शून्य असल्याचं पत्र त्याच दिवशी मिळत असेल तर मिटवा, त्याच्यावर गेले तर उठून या.

उठून आलात तर पुढचा रस्ता असा. कस्टमर केअरला केलेल्या तक्रारीचा डॉकेट नंबर तुमच्याकडे आहे, छान. त्या उत्तराने समाधान झालं नाही म्हणून आता त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करा, फी नाही, ईमेलने होतं, ३० दिवसांच्या आत करायचं असतं आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. तुमचे ३० पैकी साधारण २० दिवस गेलेत म्हणून लोक अदालतीची वाट न बघता हे याच आठवड्यात. ट्रायला पत्र लिहू का असं विचारलंय, लिहू नका, ट्राय एकेका ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही, ती फिरून कंपनीकडेच येते. त्यासोबत एक काम करा, नेहमीचं प्लॅनचं भाडं, म्हणजे ज्या रकमेवर वाद नाही तेवढी, भरून टाका आणि ईमेलमध्ये लिहा की वादातली रक्कम मान्य नाही. त्याने तुम्ही बिल बुडवणाऱ्या नाही आहात हे कागदावर येतं.

अपीलमध्ये काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. इथे कंपनीचा वकील हमखास एक जुनं हत्यार काढतो, की टेलिग्राफ ॲक्टच्या कलम ७ब प्रमाणे बिलाचे वाद लवादाकडे जातात, ग्राहक आयोगाला अधिकारच नाही, आणि २००९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवतो. तो निकाल होता खरा, पण १६ फेब्रुवारी २०२२ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगून टाकलं की आयोगाचा अधिकार कायम आहे. त्या केसमधला ग्राहक पण तुमच्यासारखाच, महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल येणारा, एका महिन्यात २४,६०९ रुपये आले म्हणून भांडायला गेलेला. हा मुद्दा लढवण्यातच त्याची आठ-एक वर्षं गेली, ती तुमची जाणार नाहीत हा त्याचा उपकार.

तक्रार ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली करायची, मुदत दोन वर्षं आहे म्हणून पळापळ नको. तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात करता येते, म्हणजे मुलाला पुण्यात आणि तुम्हाला सांगलीत. बिल मुलाच्या नावावर पण सेवा तुम्ही वापरलीत, त्याच्या संमतीने वापरलीत, त्यामुळे कायद्याने तुम्ही पण ग्राहकच, दोघांची नावं टाका आणि सांगलीत करा, तारखांना तुम्हाला जाणं सोपं. पाच लाखांपर्यंत फी नाही, ऑनलाइन दाखल होते, वकील लागतोच असंही नाही. सोबत अंतरिम अर्ज जोडा, की निकालापर्यंत वसुली थांबवा, बाकीचे तीन नंबर चालू करा आणि क्रेडिट ब्युरोला कळवू नका, कारण तीन नंबरांचा त्या जहाजाशी काय संबंध हे कंपनीला सांगता येणार नाही. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावायचा असं लिहिलंय, तुम्ही दीड-दोन वर्षं धरून चाला.

आणि एक काम आज रात्रीच. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये डेटा युसेजमध्ये जा, महिना मागे सरकवून जूनचं सायकल उघडा, तिथे कोणत्या ॲपने किती एमबी खाल्ले आणि त्यातले बॅकग्राउंडमध्ये किती ते दिसतं, त्याचे स्क्रीनशॉट काढून मुलाला पाठवा. जुने महिने फोन हळूहळू पुसत जातो, आणि तुम्ही लिहिलंय की फोन हँग होतोय म्हणून रविवारी दुकानात देऊन फॉरमॅट करून घेणार आहात. ते फॉरमॅट थांबवा.