दुधात केळं, वर दालचिनी

प्रश्न: मुलगा कॉलेज रोडला जिमला जातो, कुठेतरी बघून रोज सकाळी मेक्सिकोचं 'लिकुआदो' करून पितो, दूध-केळं-ओट्स आणि वर चांगली तीन चमचे साखर. नाश्त्याला हात लावत नाही. चालेल का? – एक आई, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: ताई, लिकुआदो म्हणजे आपलं मिल्कशेकच हो, फक्त आइस्क्रीम नाही, तिकडे मिक्सरला लिकुआदोरा म्हणतात त्यावरून नाव पडलं, आणि लोक घाईच्या सकाळी नाश्ता म्हणूनच पितात. हिशोब बघा, मोठा ग्लास दूध म्हणजे ७-८ ग्रॅम प्रोटीन आणि भरपूर कॅल्शियम, एका केळ्यात साधारण १०० कॅलरी, पोटॅशियम, थोडं फायबर. ओट्स आहेत म्हणजे पोटालाही आधार. खरी गडबड साखरेची! पिकून सालीवर काळे ठिपके आलेलं केळं घ्या आणि चिमूटभर दालचिनी टाका, साखर आठवणारच नाही. गाळू मात्र नका. तिकडे काहीजण कच्चं अंडं फोडतात, ते नकोच, त्यापेक्षा सोबत एक उकडलेलं द्या, जिमवाल्याला तेवढं लागतंच. केळ्याचा कंटाळा आला तर चिकू घाला, तो मूळचा तिकडचाच, पण गोड असतो म्हणून दोनच.