अरारात पर्वत तुर्कस्तानात आहे, तर आर्मेनियाच्या राजमुद्रेवर तो कसा?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. जो पर्वत तुर्कस्तानात आहे त्याला आर्मेनियन लोक आपला का म्हणतात, हा पहिला. आणि आर्मेनियाची राजधानी येरेवान इथून त्या पर्वतावर जाता येते का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर चार ओळींचे आहे, म्हणून ते शेवटी देतो.

पहिल्या भागातला घोळ ‘आर्मेनिया’ या शब्दातच आहे. आज नकाशावर या नावाने दिसणारे प्रजासत्ताक २९,७४३ चौरस किलोमीटरचे, म्हणजे अगदी लहान आहे. आर्मेनियन लोक (ते स्वतःला ‘हाय’ आणि देशाला ‘हायास्तान’ म्हणतात) ज्या भूमीत घडले, ते आर्मेनियन पठार मात्र याच्या कितीतरी पट मोठे आहे. युफ्रेटिस, टायग्रिस आणि अराक्स या नद्या त्याच पठारावर उगम पावतात. वान, सेवान आणि उर्मिया ही त्याची तीन मोठी सरोवरे. त्यांपैकी एकटे सेवान आजच्या प्रजासत्ताकात आहे, वान तुर्कस्तानात आणि उर्मिया इराणमध्ये गेले आहे. या सगळ्या प्रदेशाचा नकाशा समोर ठेवून अरारात शोधला, तर तो कडेला सापडत नाही, जवळजवळ मध्यावर सापडतो. माजघरातला खांब कुंपणाच्या पलीकडे गेला, असे काहीसे हे झाले आहे.

येरेवानमध्ये पोहोचल्यावर पहिले तीन दिवस मला हा पर्वत दिसलाच नाही. उन्हाळ्यात मैदानावर धुरकटपणा साचतो. चौथ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली, तेव्हा गुलाबी दगडांच्या इमारतींच्या वर, ढग असावा असे वाटेल इतक्या उंचीवर, बर्फाची एक कड दिसली. तो ढग नाही हे समजायला थोडा वेळ लागला. अरारातची उंची ५,१३७ मीटर आहे. हिमालयाच्या हिशेबात ती फार नाही. पण हिमालयातली शिखरे एकमेकांच्या गर्दीत उभी असतात, तर हा ज्वालामुखी अराक्सच्या सपाट मैदानातून एकटाच चार हजार मीटरांहून अधिक उंच उठतो. शेजारी ३,८९६ मीटरांचा लहान अरारात आहे. मोठ्याला आर्मेनियन नाव ‘मासिस’, धाकट्याला ‘सिस’.

‘अरारात’ हे नाव या पर्वताला बरेच उशिरा चिकटले. बायबलमध्ये नोहाचे तारू ‘अरारातच्या पर्वतांवर’ टेकल्याचे म्हटले आहे. तिथे अनेकवचन आहे, आणि अरारात हे डोंगराचे नव्हे तर देशाचे नाव आहे. तो देश म्हणजे उरार्तू, इसवी सनापूर्वी नवव्या ते सहाव्या शतकांत वान सरोवराकाठच्या तुश्पा या राजधानीतून या पठारावर राज्य करणारी सत्ता. तिचा राजा पहिला अर्गिश्ती याने इसवी सनापूर्वी ७८२ मध्ये एरेबुनी किल्ला बांधला. येरेवान आपला जन्म तिथून मोजते. आर्मेनियन परंपरेतही तारू प्रथम दक्षिणेकडच्या कोर्दुक प्रदेशातल्या डोंगरावर टेकल्याचे मानत. ते मासिसवर आले मध्ययुगात. त्यामुळे पर्यटनाच्या माहितीपत्रकांत नोहाच्या कथेला जे वजन दिले जाते, ते मला अवाजवी वाटते.

खरे कारण पायथ्याशी आहे. आर्मावीर, आर्ताशात, वाघार्शापात, द्विन या प्राचीन राजधान्या आणि आजचे येरेवान ही सर्व शहरे याच अराक्सच्या मैदानात, या पर्वताच्या नजरेच्या टप्प्यात वसली. आर्ताशातच्या जागी आज खोर विराप हा मठ आहे. नावाचा अर्थ ‘खोल खड्डा’. परंपरा सांगते की राजा तिसरा त्रदात याने ग्रेगरी या ख्रिस्ती साधूला तेरा वर्षे तिथे कोंडले आणि पुढे त्याच्याच हातून बाप्तिस्मा घेतला. परंपरेने ते वर्ष ३०१ मानले जाते. त्या खड्ड्यात शिडीने उतरता येते, आणि वर आल्यावर समोर अरारात असतो. इ. स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स या धर्मगुरूने आर्मेनियन भाषेसाठी ३६ अक्षरांची लिपी तयार केली आणि भाषांतरे सुरू झाली. तोवर राज्याचे रोम आणि इराण यांच्यात तुकडे पडले होते, आणि पुढची शतके हा समाज राजापेक्षा चर्च आणि पोथ्यांच्या आधाराने टिकला. येरेवानच्या मातेनादारान या हस्तलिखित संग्रहालयात ते ठळकपणे जाणवते. (भाषा आपल्याच इंडो-युरोपीय कुळातली, पण तिची शाखा स्वतंत्र. पाचाला ‘हिंग’ म्हणतात. बाजारात पाच जर्दाळू मागताना मला दर वेळी हसू येई.)

आता सरहद्दीकडे वळतो. १८२८ च्या तुर्कमेनचाय तहाने येरेवानचा प्रदेश इराणकडून रशियाकडे गेला आणि अरारातवर तीन साम्राज्यांच्या सीमा भिडल्या: उत्तर उतार रशियाचा, दक्षिण उतार ऑटोमन तुर्कांचा, लहान अरारातजवळ इराण. १९१५ मध्ये ऑटोमन सरकारने आर्मेनियन लोकांच्या हद्दपारीला आणि कत्तलींना सुरुवात केली. बहुसंख्य इतिहासकार याला वंशसंहार म्हणतात, तुर्कस्तान हा शब्द आजही नाकारते. पण पठाराच्या पश्चिम भागात शतकानुशतके राहणारा समाज तिथून नाहीसा झाला, ही वस्तुस्थिती उरतेच. मे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या प्रजासत्ताकाने अरारात आपल्या राजमुद्रेवर घेतला, तेव्हा तो निव्वळ स्मरणरंजनाचा भाग नव्हता, कारण लवकरच पर्वताची उत्तर बाजू खरोखरच त्या प्रजासत्ताकाच्या ताब्यात होती. १९२० च्या शरद ऋतूत तुर्की सैन्याशी झालेल्या युद्धात ती गेली, पाठोपाठ सोव्हिएत रशियाची लाल सेना आली, आणि १९२१ च्या मॉस्को व कार्स येथील तहांनी सरहद्द आखुरियान आणि अराक्स नद्यांवर कायम केली. दहाव्या-अकराव्या शतकांतली राजधानी आनी हीदेखील त्याच रेषेमुळे पलीकडे राहिली. आखुरियानच्या अलीकडून तिची पडकी चर्चे दिसतात.

सोव्हिएत आर्मेनियाच्या मुद्रेवरही पर्वत राहिला. तुर्कस्तानने त्यावर आक्षेप घेतला, तेव्हा ‘तुमच्या ध्वजावर चंद्रकोर आहे, म्हणून चंद्र तुमचा होतो का?’ असे उत्तर मॉस्कोहून गेल्याचा किस्सा येरेवानमध्ये सांगितला जातो. तो घडला असो वा नसो, सांगणारा मात्र खूश असतो.

या प्रतीकाबद्दल सगळे आर्मेनियन एकमताचे आहेत, असे मात्र समजू नये. २०२३ च्या सप्टेंबरात अझरबैजानच्या हद्दीतल्या नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या प्रदेशातून एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोकांना घरे सोडावी लागली, आणि त्यानंतर पंतप्रधान निकोल पाशिन्यान ‘ऐतिहासिक आर्मेनिया’ऐवजी ‘खरा आर्मेनिया’, म्हणजे आजच्या मान्य सीमांतला देश, ही भूमिका मांडू लागले. देशाबाहेरचा डोंगर आपल्या मुद्रेवर कशाला, असा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला. २०२५ मध्ये पासपोर्टवर उमटवल्या जाणाऱ्या शिक्क्यातून अरारातचे चित्र काढण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्यावर मोठे वादंग माजले. शेजाऱ्यांशी व्यवहार सुरू व्हायचा तर असे काही करावे लागेल, हा युक्तिवाद मला समजतो. पण ज्यांचे पणजोबा वान किंवा कार्सहून जीव वाचवून आले, त्यांना तो पटवणे सोपे नाही. देशाबाहेर राहणारे आर्मेनियन देशातल्यांपेक्षा अधिक आहेत, आणि त्यांपैकी अनेकांची मुळे आजच्या प्रजासत्ताकात नसून त्या पश्चिम भागातच आहेत.

आता दुसरा भाग. येरेवानहून अरारात जेमतेम ५०-६० किलोमीटरवर आहे, पण थेट जाता येत नाही. तुर्कस्तानने १९९३ मध्ये सरहद्द बंद केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या भूकंपग्रस्तांसाठी आर्मेनियाहून निघालेल्या मदतीच्या मालमोटारी सरहद्दीवरच्या मार्गारा पुलावरून गेल्या, तो एक अपवाद. चढाई करायची असेल तर तुर्कस्तानातल्या दोउबायाझित गावातून, तिथल्या सरकारची परवानगी घेऊन करावी लागते आणि येरेवानहून रस्त्याने तिथे पोहोचायचे तर जॉर्जियातून मोठा वळसा घ्यावा लागतो. नुसता पाहायचा असेल, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भल्या सकाळी खोर विरापला जावे. दहानंतर तो पुन्हा धुरकट होतो.