पहिली डार्क माइल्ड (गडद रंगाची, सौम्य इंग्लिश बिअर) घरी करताना: ठाण्याच्या उकाड्यात

परवान्याचं आधी राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात विचारून घ्या.

10 लिटरला पेल माल्ट (मोड आणून वाळवलेले फिकट जव) दीड किलो, क्रिस्टल माल्ट (गोडसर) 150 ग्रॅम, चॉकलेट माल्ट (गडद भाजलेले जव, चॉकलेट नव्हे) 80 ग्रॅम. हे धान्य भिजवायला पाच लिटर पाणी 75 अंशांना. आपल्याकडे धान्यच 30 वर असतं, त्यामुळे मिश्रण 69 ला स्थिरावतं. तासभर ठेवा. 64 वर घसरलं तर यीस्ट जास्त साखर खाईल आणि जेमतेम 3 टक्क्यांची बिअर पाणचट लागेल. मग रस गाळा, उरलेलं पाणी घाला; त्यात फगल हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) 15 ग्रॅम, उकळी तासभर. गार झाल्यावर बादलीत ओतून यीस्ट घाला.

खरी डोकेदुखी आंबवण्याची. खोलीत 32 अंश असताना बादली तशीच ठेवलीत तर नेलपॉलिशचा वास येणारच. पाण्याच्या टबात बसवा, गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला, पहिले तीन दिवस 20 च्या वर जाऊ देऊ नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा, नाहीतर औषधी चव येते. बाटलीत साखर लिटरला 4 ग्रॅम. माइल्डला फेस कमीच शोभतो.